दीडशे लिटर समुद्र आणि दोन नळकांडी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर आहे. समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जायचं, ही इथली रीत. आमच्या घरी मात्र हॉलमध्येच दीडशे लिटर समुद्र आहे. आरओचं पाणी काढायचं, त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम खास मीठ विरघळवायचं, आणि मग त्यात दोन क्लाऊनफिश, थोडे प्रवाळ आणि एक खेकडा सोडायचा. खेकडा दिसत कधीच नाही, जेवतो मात्र वेळेवर.

जेवणावरूनच सगळं सुरू झालं. माशांना घातलेल्या खाण्यातून पाण्यात फॉस्फेट उतरतं, आणि फॉस्फेट वाढलं की दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजतं. प्रवाळाच्या टाकीत ते 0.03 पीपीएमच्या आसपास असावं म्हणतात. आमच्याकडे तपासणीच्या कुपीत निळा रंग असा काही गडद उठला, की त्यात पांढरे शर्ट नीळ घालून निघाले असते. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई. मासा काचेजवळ आला की आईच्या मते तो उपाशी असतो, आणि क्लाऊनफिशला काचेजवळ येण्यापलीकडे दुसरा उद्योग नाही.

"मुकं जनावर हाय, मी चार दाणे टाकतो, तुझं काय जातंय?"

आईला आवरणं शक्य नव्हतं, म्हणून मीडिया रिअॅक्टर मागवले. रिअॅक्टर म्हटल्यावर शेजारचे काका कैग्याच्या अणुवीज केंद्राचंच नाव घेऊन बसले. प्रत्यक्षात ती पारदर्शक नळकांडी असतात. पाणी मधल्या नळीतून तळाशी जातं आणि भरलेल्या दाण्यांमधून वर चढतं. एकात कोळसा, तो पाण्याचा पिवळेपणा आणि वास शोषतो. दुसऱ्यात लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे, ते फॉस्फेट धरून ठेवतात. याच जातीचे दाणे पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायलाही वापरतात.

खोक्यात माहितीपत्रक होतं. भाषा आठ. त्यात मराठी नाही आणि कन्नडही नाही. सीमाभागात दोन्ही बाजूंना इतका सारखा न्याय देणारा कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

नळकांड्याची तोटी 16 मिलिमीटरची निघाली. हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटर चालत नाही, तिथं सूत चालतं, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"एन् बेकु री?"

"ह्याला बसेल अशी नळी."

त्यानं तोटी अंगठ्यानं चाचपली. "पाच सूत. माझ्याकडं चार हाय, सहा हाय. सहा घ्या, जुबली क्लिप आवळा."

लोखंडी क्लिप खाऱ्या पाण्यात गंजते आणि तो गंज टाकीत उतरतो, हे मी समजावून सांगितलं. त्यानं माझ्याकडं कीव आल्यागत पाहिलं आणि ठिबकच्या दुकानाचा रस्ता दाखवला. तिथं 16 मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे कॉक पोत्यानं होते. दुकानदारानं वही उघडली.

"किती एकर?"

"दीडशे लिटर."

"ऊस?"

"मासे."

त्यानं वही मिटली. पण कॉक चोख बसला, आणि आज माझा समुद्र उसाच्या जिवावर चाललाय.

यानंतर दाणे धुणं. हे न धुता लावले तर त्यांची भुकटी टाकीभर पसरते, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. नितळ हा शब्द छापायला सोपा आहे. पहिली बादली लाल, दुसरी लाल, पुढची जरा कमी लाल. मोरीतली पांढरी फरशी विटकरी झाली. आईनं दारातून डोकावून विचारलं, "गेरू कशाला कालवायलास? संक्रांत झाली की." मग कोळसा धुतला. त्यानं विटकरीवर काळा हात फिरवला. हिनं, म्हणजे बायकोनं, त्या दिवशी मोरीत पाय ठेवला नाही आणि माझ्याशी बोललीही नाही.

खरी परीक्षा प्रवाहाची. दोन्ही नळकांडी शेजारी शेजारी, एकाच पंपावर, आणि स्वभाव एकमेकांच्या उलट. कोळसा अजिबात हलता कामा नये, हलला की दाण्याला दाणा घासून भुकटी होते. म्हणून तो वरून स्पंजनं दाबायचा. लोहाचे दाणे मात्र हललेच पाहिजेत, नाहीतर त्यांची ढेप होते आणि पाणी कडेनं पळ काढतं. तेही अगदी हलके. हलके म्हणजे किती, हे आठ भाषांत कुठंच नव्हतं. मी टाकीखालच्या कपाटात डोकं घालून कॉक केसभर इकडं, केसभर तिकडं करत होतो. शेवटी हीच बोलली, "वरणाला उकळी यायच्या आधी वरचा थर हलतोय बघ, तेवढंच." तिनं दोन बोटांनी कॉक फिरवला. दाणे नाचू लागले. आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा पंपानं पहिल्याच दमात सगळे दाणे वर उधळले आणि टाकीत चहा झाला. क्लाऊनफिश काचेजवळच होते. आई म्हणाली, भ्यालेत, काहीतरी खायला घाल.

फॉस्फेट एकदम खाली आणलं तर प्रवाळांना मानवत नाही, म्हणून सुरुवातीला निम्मेच दाणे भरले होते. निळा रंग हळूहळू फिकट होत गेला, शेवाळाची दाढी विरळ झाली, खेकड्याचे दोन पायही एकदा दिसले. मी कुपी उजेडात धरून आईला दाखवली. आईनं ती नीट पाहिली आणि डबा उघडला.

"मशीन काढतंय म्हणतोस न्हवं? मग आता मोजून कशाला घालायचं?"

तेव्हापासून लोहाचे दाणे एका बाजूनं आणि आई दुसऱ्या बाजूनं, अशी चढाओढ लागली आहे. दाण्यांचं पाकीट लवकर संपतं. नवीन मागवलंय, या वेळी मोठं.