‘आता १४० लीगल’ म्हणे!

शनिवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला: ‘मामा, आता १४० लीगल! पुढच्या आठवड्यात नागपूरहून निघतोय, बघच किती तासांत पोचतो.’ सोबत तो फॉरवर्ड. हा फॉरवर्ड आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, मग शाळेच्या मित्रांच्या, आणि शेवटी भावजींच्या कृपेने घरच्या ग्रुपवर. तिन्ही वेळा मी सोडून दिला. पण चोवीस वर्षांच्या पोराने नवी गाडी हातात असताना तो खरा मानला म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: राज्य सरकारने स्वतःचा कायदा करून द्रुतगती मार्गांवरची वेगमर्यादा १४० केली, केंद्राला विचारायची गरजच नाही. समृद्धी १५० साठीच बांधलाय, तेव्हा धोका नाही. अमेरिकेत राज्यंच वेग ठरवतात, जर्मनीत तर मर्यादाच नाही. अपघात वेगाने होत नाहीत, हळू चालणाऱ्यांमुळे होतात. आणि जिथे फलक नाही तिथलं चलान भरायचं नाही. खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ जारी’. अधिसूचनेचा क्रमांक नाही, तारीख नाही.

कायद्यापासून सुरू करतो, कारण मेसेज तिथेच कोसळतो. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ११२. वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ते उघडलेलं दिसत नाही. पहिलं पोटकलम सांगतं की वाहनाच्या प्रकारानुसार केंद्र सरकार राजपत्रात जो कमाल वेग ठरवेल, त्याच्या वर कुठल्याही परिस्थितीत जाता येणार नाही. दुसरं पोटकलम राज्याला अधिकार देतं, पण कशाचा? लोकांची सुरक्षितता, सोय किंवा त्या रस्त्याचं, पुलाचं स्वरूप पाहता वेगावर निर्बंध घालणं गरजेचं वाटलं, तर अधिसूचना काढून आणि फलक लावून मर्यादा ठरवण्याचा. मूळ इंग्रजी शब्द ‘रिस्ट्रिक्ट’ आहे. छप्पर केंद्राचं. राज्याला त्याखाली पोटमाळा काढता येतो, छप्पर उचलता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गावरच्या मोटारींसाठी हे छप्पर १२० वर नेलं. समृद्धीवर मोटारींना तेवढीच मर्यादा आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवर सपाटीलाही १००. राज्याला अधिकार आहे तो असा, खालच्या दिशेचा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. मोटार वाहनं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, नोंद ३५. म्हणजे विधिमंडळ त्यावर कायदा करू शकतं, आणि तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला तरी अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता टिकतो. त्यामुळे ‘राज्याला हे कधीच शक्य नाही’ असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी विधेयक लागतं, दोन्ही सभागृहं लागतात, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. हे सगळं होऊन गेलं आणि पत्ता फक्त आमच्या सोसायटीच्या ग्रुपला लागला? घोळ बहुधा दंडावरून झाला असावा. २०१९ ला केंद्राने दंड वाढवले तेव्हा गुजरातने तडजोडीच्या रकमा, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायला भरायचे पैसे, लगेच कमी केल्या होत्या, कारण कलम २०० खाली तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं. दंड कमी करणं वेगळं आणि मर्यादा वाढवणं वेगळं.

आता तो १५० चा मुद्दा. माझं डोकं खरं याने फिरलं, कारण ऐकायला तो फार शास्त्रीय वाटतो. समृद्धीची आखणी सपाट भागात ताशी १५० धरून झाली आहे, हे खरं. पण आखणीचा वेग म्हणजे काय? वळणाची त्रिज्या किती ठेवायची, वळणावर रस्त्याला कलंडता उतार किती द्यायचा, चढावरून पुढचं किती दिसायला हवं, हे हिशेब कुठला आकडा धरून केले, तेवढंच. त्या हिशेबात तुझा गुळगुळीत झालेला टायर नाही. कडेला पार्किंग लाइट न लावता उभा केलेला ट्रक नाही. कुंपणातून आत शिरलेलं कुत्रं नाही, आणि चार तास सरळ रेषेत गाडी हाकून जड झालेले डोळेही नाहीत. पूल दहा टनांसाठी बांधला म्हणून कोणी रोज त्यावर मोजून दहा टन चढवत नाही. आखणी आणि मर्यादा यांतलं अंतर चुकून राहिलेलं नाही, ते चुकांसाठीच ठेवलेलं आहे.

भाच्याला मी एक हिशेब करून पाठवला, तोच इथे देतो. पुढे अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक कचकचून दाबलेला, म्हणजे दर सेकंदाला ताशी सुमारे २५ ने वेग उतरतोय. १२० वरची गाडी साधारण १३० मीटरवर थांबते. १४० वरची गाडी त्याच क्षणी ब्रेक मारूनही त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग असतो ताशी ८० च्या आसपास. एक गाडी ट्रकच्या मागे टेकायच्या आत उभी राहिली आणि दुसरी त्याच ट्रकच्या मागे ८० ने घुसली. काट्यावर फरक फक्त वीसचा होता. आणि कमाई काय? नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. कुठेही न थांबता, काटा जराही न हलता १२० ने गेलास तर चार तास वीस मिनिटं, १४० ने पावणेचार तासांच्या जरा आत. वाचली सदतीस मिनिटं, आणि प्रत्यक्षात तेवढीही नाहीत, कारण मध्ये टोल आहे, चहा आहे, आणि जास्त वेगाने जास्त पेट्रोल जाळल्यावर पंपही लवकर येतो.

अमेरिकेचा दाखला वाचून तर हसूच आलं, कारण तो यांच्याच अंगावर उलटतो. तिथे १९७४ मध्ये संघीय कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, साधारण ८८ किलोमीटर. १९९५ मध्ये तो कायदा रद्द झाला, राज्यांना मोकळीक मिळाली आणि एकेका राज्याने मर्यादा वाढवत नेली. टेक्सासमध्ये एका टोल रस्त्यावर ती ८५ मैलांपर्यंत गेली. पुढे तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९९३ ते २०१७ या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा वाढवलेल्या मर्यादांमुळे गेलेले जास्तीचे जीव निघाले जवळपास ३७,०००. हे विमा कंपन्यांचं गणित आहे, कोणा भित्र्या मामाचं नाही.

जर्मनीचं पटकन उरकतो. ऑटोबान म्हणजे तिथले द्रुतगती मार्ग, त्यांच्या बऱ्याच भागावर कायमची मर्यादा नाही, हे बरोबर. पण तिथे १३० चा शिफारशीचा वेग आहे, आणि त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही भरपाईतला वाटा आपल्यावर येऊ शकतो. ट्रकना ८०. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी, आणि ती लोक पाळतात. आपल्याकडे सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये ट्रक निवांत चाललेला असतो आणि आपण त्याला डावीकडून वळसा घालतो. आधी ते आणा, मग ऑटोबानचं बोलू.

हळू चालणाऱ्यांमुळे अपघात होतात, यात अर्धं तथ्य आहे. धोका वाहनांच्या वेगातल्या फरकात असतो. पण मग फरक वाढवतंय कोण? समृद्धीवर मालवाहू ट्रकला मर्यादा ८० ची. तू १२० वर असशील तर पुढचा शंभर मीटरवरचा ट्रक नऊ सेकंदांत गाठशील, १४० वर सहा सेकंदांत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या रकान्यात आहेत. आता हा रकाना भरतात पोलीस, आणि नक्की कारण कळलं नाही की ‘भरधाव’ लिहून मोकळं व्हायची सवय आहे, हे मलाही माहीत आहे. टक्के थोडे फुगलेले असतील. निम्मे केले तरी उरतात किती ते बघा.

राहिलं चलान. राज्याने स्वतः खाली आणलेल्या मर्यादेसाठी फलक लागतो, हे त्याच कलम ११२ मध्ये आहे. तेव्हा फलक खरोखरच नसेल तर फोटो काढून तक्रार करा, मी स्वतः केली आहे. वेगाच्या खटल्यात एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्राची नोंद लागते, हेही कलम १८३ मध्ये आहे. पण केंद्राच्या कमाल मर्यादेला फलकाची अट नाही. १४० ने गेलात आणि ‘बोर्ड दिसला नाही’ म्हणालात तर ते कॅमेऱ्याला ऐकू येत नाही.

भाच्याचं उत्तर आलं: ‘ठीक आहे मामा, पण हे पप्पांनी टाकलंय, त्यांना तूच सांग.’ सांगितलं. भावजींना ग्रुपवरच, सगळ्यांसमोर, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख विचारली. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. काल रात्रीपासून.