‘गोऱ्ह्याला अंगच नाही’ या 1 स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलं, “गवळाऊ (विदर्भातली देशी गोवंशाची जात) म्हणून चारदाती गोऱ्हा घेतला. 309 किलो सांगितला, आमच्या धरमकाट्यावर 285 भरला. पुठ्ठा (मागचा भाग) भरलेला नाही, शिंगं खुंटासारखी, व्हिडिओतल्या ‘ब्राह्मण’ (Brahman) जातीच्या बैलाच्या निम्माही नाही. चक्क फसवणूक.”

वजनात चूक आमचीच, ते आधी कबूल करतो. काट्यावर नव्हतं केलं, टेपने काढलं होतं. छातीचा घेर 62 इंच, लांबी 53. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत अंदाज येतो. तोही सकाळी कुटार (भुसा) खाऊन, पाणी पिऊन टम्म फुगलेल्या जनावराचा! मग ते सात तास गाडीत उभं. शेण-मूत होऊन पोट रितं होतं, एवढ्या प्रवासात 5 ते 10 टक्के उतरतंच. दावणीला स्थिरावलं की बरंचसं भरून येतं. पण जाहिरातीत ‘टेपने, अंदाजे’ लिहायला पाहिजे होतं. माफ करा. कालच दुरुस्त केलं.

शिंगांचं मात्र ऐकून घेणार नाही. गवळाऊची शिंगं आखूड नि बोथटच. लांब टोकदार निघाली असती तर भेसळ कुठून आली म्हणून भांडायला यायचं होतं. तोंड बघा, लांब निमुळतं. डोळे बदामी. शेपूट आखूड.

आणि तो ब्राह्मण बैल! अमेरिकेत मांसासाठी घडवलेली जात आहे ती, रक्त आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलचं. तिकडे महाग मांस पाठीचं नि कमरेचं, म्हणून पाठ रुंद नि मांड्या भरलेल्या लागतात. आपला गोऱ्हा वखराला, बंडीला जुंपायचा. पाय लांब, अंग हलकं, म्हणून तर शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गवळाऊ धावतो. पुरा वाढलेला वळूसुद्धा साधारण 430 किलोचाच. 2015 पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे, मग इथला कास्तकार किलोवर कशाला घेईल? तो दात, खूर नि चाल बघतो. तुम्हीही आमच्या अंगणात त्याला तीन फेऱ्या चालवून पाहिलंच होतं.

आता तातडीचं. फोनवर म्हणालात, अंग भरावं म्हणून रोज 4 किलो सरकी ढेप चालू केली नि शेण पातळ पडतंय. बाप्पा, ती आजच थांबवा! नुसतं कुटार नि पाणी द्या. शेण बांधून आलं की अर्ध्या किलोपासून हळूहळू वाढवा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरला दाखवा, बिल मला पाठवा.

पंधरा दिवसांनीही मनात बसला नाही तर घेऊन या. पैसे पूर्ण परत, येतानाचं गाडीभाडं आमचं. सोबत आमचा कासरा तेवढा आणा, नवा होता.