डिझेलमध्ये रॉकेल टाकून इंजिन शांत होत नसते राजेहो

सोयाबीन काढणीपासून आमच्या इकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून रायला. वर लिहिलं, "डिझेल गाडी खडखड करते? मेस्त्रीले पैसे देऊ नका" आणि खाली चार उपाय: टाकीत १ लिटर रॉकेल टाका, इंजिनात जाड ऑइल भरा, सकाळी १० मिनिट उभ्या गाडीले रेस द्या, आणि तरी आवाज गेला नाही तं समजा बोअर (पिस्टन वरखाली होते ते नळकांडं) गेला, हाफ इंजिन (इंजिन खोलून पिस्टन-रिंगचं काम) करून घ्या. मले हे पाच जणांनी पाठवलं, त्यातले दोन तं सोयरेच. आणि यातला पहिला उपाय आमच्या घरच्या सात सीटरवर मामेभावानं माह्यासमोर करून पायला, म्हणून लिहून रायलो.

तं आधी रॉकेल. जुन्या जीपा होत्या तेव्हा लोकं टाकत होते, चालूनही जात होतं, म्हणून ते डोक्यातून जात नाही. पण डिझेलचा ठोका येते कशानं? डिझेल फवारल्यावर पेटाले जेवढा उशीर लागते तेवढं ते आत साचते आणि मंग एकदम भडकते, तोच तो आवाज. लवकर पेटाचा गुण म्हणजे सिटेन, बीएस ६ डिझेलले तो कमीत कमी ५१ लागते, रॉकेलचा त्याच्याहून कमी. म्हणजे तुम्ही आवाज कमी कराले जे टाकता त्यानं ठोका वाढते, पेट्रोल टाकाल तं आणखीनच. दुसरं असं का कॉमन रेल गाडीतल्या, म्हणजे जिथं रेल नावाच्या एकाच पाइपात डिझेल भारी दाबानं भरून सगळ्या सिलिंडरले जाते तिथल्या, बहुतेक हाय प्रेशर पंपाले वेगळं ऑइल नसते, डिझेलच्याच चिकटपणावर तो चालते. रॉकेल कोरडं. पंप घासला का त्याचा चुरा डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जाते, आणि मंग पंप, इंजेक्टर, रेल, टाकी, सगळंच खोलाची पाळी येते. आमच्या गाडीनं दोन दिवस तोच आवाज केला आणि तिसऱ्या दिवशी मीटरवर इंजिनचा पिवळा लाइट लागला, हा फायदा.

ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतता ना, तेही बंद करा. त्यात पाणी उतरते. खडखड करणाऱ्या गाडीचा डिझेल फिल्टर आधी खालून ढिला करून पाणी काढून पाहा, कधीकधी एवढंच असते.

जाड ऑइल. वापरलेली गाडी विकणाऱ्यांची ही जुनी ट्रिक हाय, आठ दिवस आवाज दबते आणि गिऱ्हाईक घेऊन जाते. पण नव्या इंजिनातले टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर आपोआप सेट होतात, जाड ऑइल सकाळी वर चढाले टाइम लावते आणि तेवढा वेळ टॅपेट कोरडे टकटक करतात. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड ५ डब्ल्यू ३० लिहिला तं तोच टाका. त्याच्याआधी सपाट जागी गाडी बंद करून थोडा वेळ थांबून डिपस्टिक तं पाहा बाप्पा, ऑइलच कमी असलं तं जाड-पातळचा विचार कायले?

१० मिनिट रेस देणं, तेही इथं, जिथं मे महिन्यात ४५ पर्यंत जाते! अर्धा-एक मिनिट चालू ठेवा आणि हळूहळू निघा, डिझेल इंजिन चालल्यानं गरम होते, उभ्यानं नाही. थंड इंजिनले रेस दिली तं टर्बोपर्यंत (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) ऑइल नीट पोहोचाच्या आधीच तो फिरते. समृद्धीवरून १२०नं येऊन लगेच चावी बंद न करता मिनिटभर चालू ठेवा म्हणाले असते तं मी मेसेज पुढं पाठवला असता.

आता हाफ इंजिन, खरी लूट इथं हाय. बोअर, रिंग गेल्या असतील तं निळा धूर निघते, ऑइल कमी होत जाते, चालू गाडीचं ऑइल भराचं झाकण खोललं तं आतून भकाभक धूर-हवेचा बॅक मारते. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. दारव्ह्याच्या मेस्त्रीनं पाना हातात घेतलाच नाही आधी, नुसतं ऐकलं. क्लच दाबाले लावला, आवाज तसाच, म्हणे गिअरबॉक्सचं नाही, तिथला बेअरिंग असता तं दाबल्यावर गेला असता. एसी बंद केला, तरी तसाच. मंग मले म्हणे काकाजी, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा आणि पहिल्या गिअरात क्लच थोडासाच सोडा, अन् स्वतः बाजूले उभं राहून पायलं तं इंजिन एका बाजूनं उडी मारे! माउंटिंगचं रबर फाटलं होतं, मेस्त्री लोकं त्याले फाउंडेशन म्हणतात, इंजिन खाली बसल्यानं सायलेन्सरचा पाइप चेसिसले घासत होता. वावराच्या रस्त्यानं कापूस भरून नेतो आम्ही, फाटणारच.

हे घरी पाहाचं असलं तं बॉनेटवर वाकाच्या आधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बेल्टात गेला तं मान जाईल. आणि एकेक पाइपाचा नट ढिला करून कोणता सिलिंडर कमजोर ते पाहाची जुनी पद्धत कॉमन रेलवर बिलकुल करू नका, तिथं प्रेशर १६०० बारच्या वरही जाऊ शकते, ती धार चामडीतून आत घुसते. स्कॅनर अन् इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (कोणत्या इंजेक्टरमधून किती डिझेल वापस येते ते मोजणं) त्यासाठीच हाय. फक्त एक आवाज असा का त्याले तपासतही बसू नका, खालून येणारा जड दणदण ठोका, लोड दिला का वाढणारा, किंवा ऑइलचा लाल लाइट. गाडी तिथंच बंद, आणि टोचन लावूनच न्या.

आमचं रबर, मजुरी आणि टाकी खाली कराचे पैसे धरून भागलं. ते रॉकेलवालं डिझेल अजून गोठ्यात कॅनमध्ये पडलं हाय, मामेभाऊ त्यात नटबोल्ट धुते.