डीव्हीआरच्या हार्ड डिस्कला रात्रीची विश्रांती लागत नाही

‘सीसीटीव्हीची हार्ड डिस्क दहा वर्षे टिकवा’ अशा मथळ्याचा एक संदेश ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यात सहा उपाय सांगितले आहेत: डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण डिस्कवर साठवणारे यंत्र) रात्री बंद ठेवा म्हणजे डिस्कला विश्रांती मिळते, दर महिन्याला डिस्क फॉरमॅट करा, पावसाळ्यात डिस्कवरचे बारीक छिद्र चिकटपट्टीने बंद करा, डिस्क जितकी थंड तितकी चांगली, आणि बिघडलीच तर फ्रीझरमध्ये ठेवा, कॉम्प्युटरची कोणतीही डिस्क चालते, सीसीटीव्हीसाठीची वेगळी डिस्क म्हणजे निव्वळ लूट, आणि हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग ठेवा म्हणजे डिस्क कधीच झिजत नाही. नेरूळला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या संस्थेने यातला पहिला उपाय अमलात आणला आणि दुसऱ्यासाठी महिन्याची एक तारीख नक्की केली. ‘हे बरोबर आहे का रे?’ असे मावशीने विचारले. हे बरोबर नाही, आणि यातल्या काही गोष्टी उघड नुकसानीच्या आहेत.

सर्वांत घातक उपाय पहिलाच आहे. ज्या वेळेसाठी कॅमेरे बसवले त्याच वेळी ते आंधळे करायचे, हे कोणाच्याही लक्षात आले नाही याचे मला दुःख होते. पण सुरक्षेचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी डिस्कच्या दृष्टीनेही हा उपाय चुकीचा आहे. रोज एकदा बंद-चालू केल्याने डिस्क लगेच निकामी होईल असे मी म्हणत नाही. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्कच्या माहितीपत्रकात हेड (डिस्कमधल्या फिरत्या तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग) जागेवर नेऊन परत आणण्याची क्षमता ३ लाख वेळा अशी दिलेली असते आणि वर्षाचे ३६५ दिवस त्यापुढे नगण्य आहेत. खरा प्रश्न डीव्हीआर बंद कसा केला जातो हा आहे. मेनूतून रीतसर बंद करायचा तर पासवर्ड लागतो आणि तो सेक्रेटरींकडे असतो, म्हणून वॉचमन केबिनमधल्या लोखंडी पेटीचे दार उघडून सरळ प्लग उपसतो. त्या क्षणी सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण डिस्कवर लिहिले जात असते. वीज जाताच फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या शक्तीवर डिस्क आपले हेड कसेबसे जागेवर नेते. मात्र लिहिणे अर्धे राहिलेला भाग तसाच राहतो आणि चित्रणाची अनुक्रमणिका बिघडू शकते. असे रोज घडू लागले की एखाद्या सकाळी डीव्हीआर डिस्क ओळखत नाही किंवा फॉरमॅट करण्याची सूचना दाखवतो आणि सगळे डिस्कला दोष देतात.

मावशीच्या संस्थेत याहून एक विचित्र गोष्ट आढळली. डीव्हीआरच्या बोर्डावरचा घड्याळाचा सेल संपलेला होता. वीज अखंड असेपर्यंत ते कोणाला कळले नसते. पण रोज रात्री प्लग काढू लागल्यापासून यंत्र दर सकाळी १ जानेवारी २००० या तारखेपासून सुरू होत होते. म्हणजे दिवसा जे चित्रण होत होते, तेही तारखेने शोधून सापडणार नव्हते. विश्रांतीच्या नावाखाली रात्र गेलीच होती, दिवसही गेला.

डिस्कला जपायचे असेल, तर उलट वीज अखंड ठेवायला हवी. महावितरणचा पुरवठा क्षणभर गेला तरी परिणाम प्लग उपसण्यासारखाच होतो, म्हणून डीव्हीआरला छोटा यूपीएस जोडणे हा खर्च सार्थ आहे. त्याच्या जोडीला अ‍ॅडॉप्टर तपासावा. तबकड्या फिरायला लागतानाच डिस्क सर्वाधिक करंट ओढते, तो १२ व्होल्टवर जवळपास २ अ‍ॅम्पिअरपर्यंत जाऊ शकतो. जुना, थकलेला अ‍ॅडॉप्टर तेवढा देऊ शकत नाही आणि डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते. डिस्कमधून येणाऱ्या ‘टक-टक’ आवाजाचे कारण कित्येकदा हाच अ‍ॅडॉप्टर असतो. नवी डिस्क घेण्यापूर्वी तो बदलून पाहावा.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात सांगतो. डीव्हीआर डिस्क भरली की सर्वांत जुन्या चित्रणावर आपोआप नवे लिहितो, त्यामुळे महिन्याच्या फॉरमॅटने डिस्कचे आयुष्य मुळीच वाढत नाही. जाते ते फक्त चित्रण, आणि एखादी चोरी फॉरमॅटनंतर लक्षात आली तर पोलिसांना द्यायला हाती काहीच उरत नाही.

छिद्राला चिकटपट्टी लावण्याच्या सल्ल्याने मात्र मी अवाक झालो. ते छिद्र कारखान्यात मुद्दाम ठेवलेले असते, आतल्या बाजूला त्याला गाळणी असते आणि अनेक डिस्कवर ‘हे छिद्र झाकू नये’ अशी सूचना छापलेली असते. डिस्कचे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगते, म्हणून आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहणे आवश्यक असते.

थंडाव्याच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. बंद पेटीत, सेट-टॉप बॉक्सच्या बोडक्यावर ठेवलेला डीव्हीआर तापतो आणि तसा तो ठेवू नये. पण ‘जितकी थंड तितकी चांगली’ हे चूक आहे. गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिख वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक साध्या, ग्राहकांना मिळतात तशा डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध फारच कमी आढळला. कमी तापमानाच्या डिस्कच अधिक बिघडल्या आणि फार उंच तापमानाला, विशेषतः जुन्या डिस्कमध्ये, चित्र थोडे उलटले. त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, वॉचमनच्या केबिनमधल्या नव्हत्या, हे खरे आहे. तरीही फ्रीझरच्या सल्ल्याला कोणताच आधार उरत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरते आणि जे चित्रण एखाद्या जाणकाराला परत मिळवता आले असते तेही त्याच्या हाताबाहेर जाते.

‘कोणतीही डिस्क चालते’ हेही अर्धवटच आहे. चालते, कधी कधी वर्षानुवर्षे चालते. पण ८ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) सतत लिहीत असतील, तर दिवसाला सुमारे १७३ जीबी आणि वर्षाला सुमारे ६३ टीबी होतात. घरगुती कॉम्प्युटरच्या बऱ्याच डिस्क वर्षाला ५५ टीबीसाठी बनवलेल्या असतात, तर सीसीटीव्हीच्या डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारख्या डिस्क १८० टीबीसाठी आणि चोवीस तासांसाठी. त्याहून महत्त्वाचा फरक असा की, खराब जागा लागली की साधी डिस्क ती वाचण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करत राहते आणि तेवढ्यात चित्रण तुटते. सीसीटीव्हीची डिस्क तिथे न अडकता पुढे लिहू लागते. लूट दुसरीकडे होते: वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जातात. डीव्हीआरच्या मेनूतल्या ‘स्मार्ट’ माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तीत, डिस्क किती तास चालली ते दिसते. वर्षाचे ८,७६० तास होतात. नवी म्हणून घेतलेली डिस्क पहिल्याच दिवशी १७ हजार तास दाखवत असेल, तर ती परत करावी.

हालचालीपुरते रेकॉर्डिंग ठेवल्याने लिहिणे कमी होते आणि जास्त दिवसांचे चित्रण मावते. तबकड्या मात्र तशाच फिरत राहतात.

‘स्मार्ट’ माहिती आणि डिस्क बिघडल्यावर वाजणारा बझर, या दोन्ही गोष्टी बहुतेक डीव्हीआरमध्ये असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. वर उल्लेखलेल्या अभ्यासात पहिली स्कॅन त्रुटी (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट निघाली, म्हणून ती दिसली की डिस्क बदलण्याची तयारी करावी. मात्र त्याच अभ्यासात बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कने ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. त्यामुळे एखाद्या घटनेचे चित्रण हवे असेल, तर ते त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि नेरूळच्या संस्थेने प्लग काढण्याची सूचना आजच मागे घ्यावी.