धूर असा काढा, की घाट ओळखेल

गेल्या रविवारी विसरवाडीहून साक्रीला लग्नाला निघालो. अंगात पांढरा शर्ट, मोटारसायकलवर मागे बायको. कोंडाईबारीचा घाट चढताना पुढे एक ट्रक लागला, नवाकोरा. मांडवात पोचलो तर साडू विचारतात, "काय भो, कोळशाच्या वखारीतून आले का?" तेव्हाच ठरवलं, ट्रकमालकांना चार युक्त्या सांगायच्याच.

एअर फिल्टर बदलू नका, झटकून परत बसवा. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे धूर झकास.

माल पासिंगपेक्षा चार टन जास्तच भरा.

पीयूसीचं तुम्हाला मी काय सांगू!

गाडी 1 एप्रिल 2020 नंतरची, बीएस-6 म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची असेल तर मात्र थोडे कष्ट आहेत. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. साचलेली काजळी गाडी स्वतःच 600 अंशांच्या आसपास तापवून जाळते. त्यासाठी कधी दिवा लागतो, गाडी थोडा वेळ उभी ठेवावी लागते. एवढा वेळ आहे कोणाला? फोडा जाळी, बसवा पोकळ नळी. मग ती युरियाची टाकी. 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा त्यानं साधा नायट्रोजन आणि वाफ होते. हे पाणी विकत कशाला घ्यायचं? कपाशीचा युरिया घरी पडलाय, बादलीत ढवळा आणि ओता. त्यानं ते धुरात फवारणारा नोझल तुंबला, की मेकॅनिककडून तो डबा बसवून घ्या, जो गाडीला सांगतो की टाकी भरलेली आहे, सगळं ठीक आहे. म्हणजे लाखोंची गाडी घ्यायची, आणि वर पैसे मोजून तिलाच खोटं बोलायला शिकवायचं! दर फेरीला वाचतात किती? ढाब्यावरच्या शेवभाजीच्या बिलाएवढे? आणि मागे मोटारसायकलवर लेकरू घेऊन बसलेली बाई पदरानं नाक दाबते, ती कोणाच्या हिशेबात धरायची?

जाऊ द्या, युक्त्या पुरे. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2012 सालीच सांगितलंय. तंबाखू ज्या गटात, त्याच गटात हा धूर. तुमचा ड्रायव्हर बारा-बारा तास त्यातच असतो. तो खोकला की तुम्ही त्याला बिडी सोड म्हणून दरडावता. लाज वाटत नाही? ती जाळी आणून बसवा परत. आणि तो डबा काढा आधी.