तंतुमय पदार्थ सरसकट वर्ज्य नकोत
आतड्याचा जुनाट दाह असलेल्यांनी तंतुमय पदार्थ कायमचे सोडावेत, हा लेखातील सल्ला मला सर्वांना लागू करण्याजोगा वाटत नाही. क्रोन आजारात (हा अशा जुनाट दाहाचाच एक प्रकार) आतडे एखाद्या जागी अरुंद झाले असेल, तर सालीबियांसकट खाल्लेल्या कच्च्या भाज्या तिथे अडकू शकतात, म्हणून तेव्हा पथ्य आवश्यकच असते. परंतु दाह शमलेला असताना आणि अशी अरुंद जागा नसताना मऊ शिजवलेल्या भाज्या व सोललेली फळे थोड्या थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू करता येतात. मी स्वतः १२ वर्षे हा आजार सांभाळतो आहे आणि भीतीपोटी एकेक पदार्थ सोडत गेल्याने आजारापेक्षा अशक्तपणानेच अधिक खचलो होतो. (दूधही असेच उगाच बंद केले होते, वास्तविक ते मला उत्तम पचते.) लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दाह असल्यास ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, त्यामुळे त्याची आणि लोहाची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. शिवाय पोट शांत आहे म्हणजे दाह शमलाच असे नव्हे. मलातील कॅल्प्रोटेक्टिनची (आतड्यात दाह असताना वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी त्याचा अधिक चांगला अंदाज देते, म्हणून केवळ पथ्याच्या भरवशावर परस्पर औषध बंद करू नये.