आर्ट लाइनचा आकडा आणि फिरता संदेश

कोल्हापुरातल्या अनेक घरगुती व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीत बारीक नळी (‘आर्ट लाइन’) घालून मोजलेला रक्तदाब कधीच चुकत नाही, त्यामुळे दंडाच्या पट्ट्याचा आकडा वेगळा आला तर रुग्णालय फसवत आहे, असे त्यात म्हटले आहे. सिस्टर सेन्सर वर-खाली करून आकडा बदलतात, ‘झिरो’ करून आधीची नोंद पुसतात आणि 300 च्या दाबाची सलाइनची पिशवी लावून रुग्णाचा दाब चढवतात, असे आरोपही त्यात आहेत. मी अतिदक्षता विभागात काम करतो. हा संदेश वाचून आलेल्या एका नातेवाइकाने झिरो करणाऱ्या सिस्टरचा हात धरल्याचे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सेन्सर वर-खाली करण्याच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण त्यातले निरीक्षण खरे आहे आणि निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. धमनीतल्या नळीपासून ट्रान्सड्यूसरपर्यंत, म्हणजे त्या सेन्सरपर्यंत, सलाइनचा अखंड स्तंभ असतो आणि धमनीतला दाब त्या स्तंभातून ट्रान्सड्यूसरच्या पातळ पडद्यावर पोहोचतो. पडदा किंचित वाकतो, त्यावरच्या सूक्ष्म घटकांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचा मॉनिटरवर आकडा होतो. मात्र पडद्याला धमनीच्या दाबासोबत स्तंभाच्या उंचीचा दाबही जाणवतो. पारा पाण्याच्या 13.6 पट जड असल्यामुळे 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब सुमारे 7.4 मिलिमीटर पाऱ्याएवढा भरतो. ट्रान्सड्यूसर स्टँडवर तसाच राहिला आणि पलंग 20 सेंटिमीटर वर उचलला, तर रुग्णाच्या शरीरात काहीही न बदलता आकडा सुमारे 15 ने वाढतो. ही चूक टाळण्यासाठीच सिस्टर ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणतात. छातीच्या कडेला चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधली फट आणि काखेच्या मध्यातून खाली येणारी रेषा जिथे मिळते, तो बिंदू त्यासाठी धरतात. गवंडी पाण्याच्या नळीने दोन भिंतींची पातळी जुळवतो, त्याच जातीचे हे काम आहे. स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त किती चढते ते पाहिले आणि 1733 मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनीही 8 फूट 3 इंच ही उंची हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पातळीपासूनच मोजली होती. ज्या हालचालीला संदेश फसवणूक म्हणतो, ती केली नाही तर आकडा चुकतो.

‘झिरो’मुळे कोणतीही नोंद पुसली जात नाही. रक्तदाब नेहमी वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत सांगतात. समुद्रकिनारी वातावरणाचा दाब साधारण 760 मिलिमीटर असतो, तर समुद्रसपाटीपासून 550 मीटरांच्या आसपास असलेल्या कोल्हापुरात तो पन्नासेक मिलिमीटरने कमी भरतो; तरी 120 चा रक्तदाब दोन्हीकडे 120 च असतो. ट्रान्सड्यूसरजवळची तोटी हवेकडे उघडून ‘हा शून्य’ असे यंत्राला सांगितले की उपकरणाचे बारीक सरकणेही दुरुस्त होते. त्या काही सेकंदांत मॉनिटरवरची लाट सपाट होते आणि 0 दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो हे मला समजते. पण त्या क्षणी ट्रान्सड्यूसर रुग्णाशी जोडलेलाच नसतो.

पिशवीबद्दलचा आरोप थोडक्यात निकालात निघतो. पिशवीवर 300 मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो हे खरे आहे, पण वाटेत अतिशय अरुंद मार्ग असतो आणि जवळजवळ सगळा दाब तिथेच खर्च होतो. पलीकडे तासाला साधारण 3 मिलिलिटर, म्हणजे दिवसभरात सुमारे 72 मिलिलिटर सलाइन जाते. नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी होऊ नये, एवढेच तिचे काम आहे.

आता ‘कधीच चुकत नाही’ या दाव्याकडे वळू. सलाइनने भरलेली नळी स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने थरथरते. नाडी मिनिटाला 90 असेल, तर धमनीतली लाट सेकंदाला 1.5 कंपनांची मूळ लहर आणि तिच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या लहरींची मिळून बनलेली असते. लाटेचा आकार नीट उमटायला दहाव्या पटीपर्यंत, म्हणजे 15 कंपनांपर्यंतच्या लहरी लागतात. नळीची स्वतःची वारंवारता या टप्प्यात उतरली की लाटेचे शिखर फुगते आणि वरचा आकडा खोटा वाढतो. नळी लांब किंवा मऊ असेल, अथवा आत हवेचा बारीक बुडबुडा अडकला असेल, तर ही वारंवारता खाली येते. उलट मोठा बुडबुडा, गुठळी किंवा नळीची घडी यांमुळे लाट चेपते. मग वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त दिसतो. दोन्ही परिस्थितींत सरासरी दाब सर्वांत कमी बिघडतो, म्हणून आम्ही औषधाचा वेग ठरवताना बहुधा सरासरीकडे पाहतो. सिस्टर मधूनच फ्लश ओढतात, म्हणजे पिशवीतले सलाइन क्षणभर जोरात सोडतात, तेव्हा मॉनिटरवर चौकोनी लाट उमटते. फ्लश सोडल्यावर एक-दोन झोके घेऊन ती शांत झाली तर नळी ठीक आहे. झोके बराच वेळ चालले किंवा एकही झोका आला नाही, तर नळी तपासावी लागते.

दंडाच्या पट्ट्याशी आकडा जुळत नाही, याची कारणेही शरीरात आणि मोजण्याच्या पद्धतीत आहेत. हृदयापासून मनगटाकडे जाताना धमन्या अधिक ताठ होत जातात आणि पुढून परतणाऱ्या लहरी मूळ लाटेत मिसळतात, त्यामुळे मनगटातला वरचा दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा बहुधा जास्त असतो. सरासरी मात्र जवळपास तेवढीच राहते. स्वयंचलित पट्टा तर धमनीतला दाब थेट मोजतच नाही. हवा सोडताना येणाऱ्या स्पंदनांवरून तो सरासरी शोधतो आणि वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतो. रक्तदाब फार खाली गेला असताना पट्टा अनेकदा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, आणि अशाच रुग्णाला ठोक्यागणिक दाब कळावा म्हणून धमनीत नळी घालावी लागते. दोन्हींत 10 चा फरक दिसला तर त्यात संशयास्पद काही नाही. फरक मोठा असेल किंवा अचानक वाढला असेल, तर ‘पातळी आणि झिरो पाहिले का, फ्लश करून पाहिला का?’ असे सिस्टरना जरूर विचारा. त्याचे उत्तर पलंगाशेजारी उभे राहून दोन मिनिटांत दाखवता येते.